भोर-वेल्हे आणि सिनेमा: दादा कोंडकेंच्या इंगवलीपासून राजगडावरच्या शूटिंगपर्यंत

‘गंगाजल’ (२००३) मधलं बिहारचं तेजपूर आठवतंय? ते बिहारमध्ये नव्हतंच. प्रकाश झा यांनी हा सिनेमा साताऱ्यातल्या वाईत शूट केला होता. त्याआधी ‘मृत्युदंड’ (१९९७) मध्येही वाईचाच बिहार झाला होता. ‘स्वदेस’ (२००४) मध्ये शाहरुख खान ज्या चरणपूर गावात येतो, तेही सिनेमात उत्तर प्रदेशात असलं तरी प्रत्यक्षात वाईजवळचं मेणवली आहे.

वाईची ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण वाईच्या उत्तरेला, मांढरदेवीचा डोंगर ओलांडला की पुणे जिल्ह्यातला भोर तालुका लागतो. त्याला लागून वेल्हे. या दोन तालुक्यांचं सिनेमाशी असलेलं नातं मात्र फारसं कुणी एकत्र सांगत नाही.

हे नातं तीन प्रकारचं आहे. मराठी सिनेमाचा सर्वात मोठा गर्दीखेचक नट मूळचा इथला. गेल्या काही वर्षांत गाजलेल्या शिवकालीन सिनेमांची अनेक पात्रं इथली. आणि वाडे, घाट, धरणं, गड यामुळे हा भाग शूटिंगसाठीही सोयीचा. तरीही सिनेमा संपल्यावर इथल्या गावांच्या पदरात काय पडतं, हा प्रश्न उरतोच.

आधी जागा समजून घेऊ

भोर हे नीरा नदीकाठचं गाव, पुण्यापासून साधारण ५० किलोमीटरवर. ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं, पण राजवाडा आणि तिथला रामनवमीचा उत्सव ही गावाची ओळख आजही टिकून आहे. तालुक्यात रोहिडा किल्ला आहे, रायरेश्वराचं पठार आहे, भाटघर आणि नीरा देवघर ही धरणं आहेत आणि महाडकडे उतरणारा वरंध घाट आहे.

वेल्हे तालुक्यात राजगड आणि तोरणा हे दोन मोठे गड. पानशेतचं धरणही याच तालुक्यात. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायला मंजुरी दिली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात राजगड आहे.

डोंगराळ जमीन, भातशेती आणि पावसावरची भिस्त. त्यामुळे इथून मुंबईला कामाला जाणं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. सिनेमाशी पहिलं नातं जुळलं ते याच वाटेने.

इंगवलीचे कोंडके

दादा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा, मुंबईतला. पण कुटुंब मूळचं भोरजवळच्या इंगवली गावचं. घरातली माणसं गिरणीत कामाला होती आणि दादा वाढले ते नायगाव-लालबागच्या चाळींमध्ये. अपना बाजारमध्ये नोकरी, बँड पथकात वाजवणं, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात काम असं करत करत ते रंगभूमीवर आले.

वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने दादांना महाराष्ट्रभर नेलं. त्याचे हजाराहून जास्त प्रयोग झाले. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’ (१९६९) मधून ते पडद्यावर आले आणि १९७१ मध्ये त्यांनी स्वतः निर्मिती केलेला ‘सोंगाड्या’ प्रदर्शित झाला.

‘सोंगाड्या’ची एक गोष्ट कायम सांगितली जाते. दादरच्या कोहिनूर थिएटरमध्ये या सिनेमाऐवजी देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचं ठरलं होतं. तेव्हा दादा बाळासाहेब ठाकरेंकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि ‘सोंगाड्या’ लागला. पुढे सिनेमा इतका चालला की पुन्हा कुणाला विनवण्या करायची वेळ दादांवर आली नाही. त्यांच्या सलग नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव, म्हणजे २५ आठवडे पूर्ण केले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

हे सिनेमे पाहणारे कोण होते, ते लक्षात घेतलं की भोरचा धागा दिसतो. दादांचा नायक गावाकडून आलेला, भोळा दिसणारा पण बोलण्यात कुणाला न ऐकणारा. तो शिकलेल्या, पैसेवाल्या, हुद्देवाल्या माणसाची टोपी उडवतो. समोर बसलेला गिरणी कामगारही तसाच गावाकडून आलेला होता. दिवसभर मुकादमाचं ऐकून घेणाऱ्या माणसाला संध्याकाळी पडद्यावर आपल्यासारखाच कुणीतरी मुकादमाला उलट उत्तर देताना दिसायचा. द्वयर्थी संवादांवरून दादांवर भरपूर टीका झाली आणि सेन्सॉर बोर्डाशी त्यांचे खटके उडत राहिले. पण त्यांचा प्रेक्षक त्यांना सोडून गेला नाही.

दुबई-शारजात कामाला गेलेल्या मल्याळी माणसांसाठी तिथल्या थिएटरमध्ये मल्याळम सिनेमे लागतात. घरापासून लांब राबणाऱ्या माणसाला आपल्या भाषेतला सिनेमा दोन-अडीच तास घरी नेऊन आणतो. सत्तरच्या दशकात गिरणगावातल्या घाटावरच्या माणसासाठी हेच काम दादांच्या सिनेमांनी केलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो कुटुंबं गावी परतली. गिरणगावातला तो प्रेक्षक त्यानंतर हळूहळू विखुरला. दादा १४ मार्च १९९८ रोजी गेले.

गावात सिनेमा कसा पोहोचायचा?

मुंबईत थिएटर होतं, पण गावाकडे काय? पश्चिम महाराष्ट्रात याचं उत्तर होतं टुरिंग टॉकीज. जत्रेच्या मोसमात ट्रकवर प्रोजेक्टर, रिळांचे डबे आणि तंबूचं कापड लादून ही मंडळी एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जायची. माळावर तंबू ठोकायचा, भोंग्यावरून पुकारा करायचा आणि रात्री एकापाठोपाठ एक खेळ लावायचे. माणसं जमिनीवर बसून सिनेमा बघायची.

ज्या गावात वर्षभर पडदा नव्हता तिथे जत्रेतला हा तंबू म्हणजेच थिएटर होतं. दादांचे सिनेमे शहरात उतरल्यानंतरही अशा तंबूंमध्ये वर्षानुवर्षं चालत राहिले.

टीव्ही, व्हिडिओ आणि नंतर मोबाइल आल्यावर हा धंदा आक्रसत गेला. रिळं बंद होऊन डिजिटल प्रोजेक्शन आलं तेव्हा जुनी यंत्रं भंगारात निघाली. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याला विशेष उल्लेखाचा मान मिळाला.

शिवकालीन सिनेमे आणि हिरडस मावळ

दुसरं नातं कथांचं. २०१८ मध्ये दिग्पाल लांजेकर यांचा ‘फर्जंद’ आला. त्यानंतर ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ (२०२२), ‘शेर शिवराज’ (२०२२) आणि ‘सुभेदार’ (२०२३) आले. लॉकडाऊननंतर मराठी प्रेक्षक थिएटरकडे परत आणण्यात ‘पावनखिंड’चा मोठा वाटा होता.

आता या सिनेमांमधली माणसं कुठली ते बघा. बाजीप्रभू देशपांडे भोर तालुक्यातल्या शिंद गावचे. ज्या बांदलांच्या सैन्याने १३ जुलै १६६० ला घोडखिंड लढवली, ते बांदल हिरडस मावळचे देशमुख. हिरडस मावळ म्हणजे आजच्या भोर तालुक्याचा भाग. अफजलखानाच्या स्वारीत वतनाची पर्वा न करता शिवाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिलेले कान्होजी जेधे याच तालुक्यातल्या कारीचे. म्हणजे ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ या दोन्ही सिनेमांच्या गाभ्याशी भोरची घराणी आहेत.

पावनखिंडीनंतर दरबारातला पहिल्या पानाचा मान जेध्यांनी बांदलांना दिला, असं परंपरेने सांगितलं जातं. ही घराणी, त्यांची आडनावं आणि त्यांचा मान या गोष्टी इथे पुस्तकात बंद झालेल्या नाहीत. लग्नात, जत्रेत, पालखीपुढे कोण आधी उभं राहणार, यात त्या अजून जिवंत आहेत.

म्हणूनच ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ‘हर हर महादेव’चा वाद इथे वेगळ्या अर्थाने पोहोचला. बाजीप्रभूंवरचा हा सिनेमा पाच भाषांत प्रदर्शित झाला. त्यात शरद केळकर बाजीप्रभूंच्या आणि सुबोध भावे शिवाजी महाराजांच्या भूमिकेत होते. सिनेमात इतिहासाची मोडतोड झाल्याचा आक्षेप माजी खासदार संभाजीराजे छत्रपती यांनी घेतला. ठाण्यातल्या एका मॉलमध्ये ७ नोव्हेंबरला खेळ बंद पाडण्यात आला आणि प्रकरण राजकीय झालं. पण त्याच काळात जेधे आणि बांदल घराण्यांच्या वंशजांनीही सिनेमातल्या चित्रणावर जाहीरपणे हरकत घेतली.

टीव्हीवरच्या चर्चेत हा वाद पक्षांचा होता. भोरच्या खोऱ्यात मात्र तो घराच्या नावाचा होता. पडद्यावर ज्यांचं भांडण दाखवलं, त्यांची नातवंडं-पतवंडं आजही शेजारच्या गावांत राहतात.

मग सिनेमातला इतिहास तपासतं कोण?

अनेकांना वाटतं की सेन्सॉर बोर्ड हे काम करतं. तसं नाही. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सिनेमा कोणत्या वयोगटाला दाखवता येईल ते ठरवतं. सार्वजनिक शांतता, अब्रुनुकसानी, सभ्यता अशा निकषांवर ते हरकत घेऊ शकतं. पण प्रसंग बखरीत आहे की नाही, पत्रात आहे की नाही, याची पडताळणी हे त्याचं नेमून दिलेलं काम नाही.

सिनेमाच्या सुरुवातीला येणारी ‘काही प्रसंगांत कल्पनास्वातंत्र्य घेतलं आहे’ अशी पाटी निर्मात्याला वादात थोडं संरक्षण देते. कोणता प्रसंग खरा आणि कोणता काल्पनिक, हे ती सांगत नाही. त्यामुळे प्रदर्शनाआधी संबंधित घराण्यांशी आणि अभ्यासकांशी बोलणं हे निर्मात्याच्या इच्छेवरच राहतं.

शूटिंगसाठी हा भाग का आवडतो?

तिसरं नातं लोकेशनचं. यामागे साधं गणित आहे. मुंबई-पुण्याची तंत्रज्ञ मंडळी आणि सामान काही तासांत पोहोचतं. जुना लाकडी वाडा, नदीचा घाट, धरणाचं पाणी, वळणाचा घाटरस्ता आणि मागे सह्याद्री, हे सगळं थोड्या अंतरात मिळतं. एका ठिकाणचं काम संपवून त्याच दिवशी दुसरीकडे कॅमेरा लावता येतो. विजेच्या तारा आणि सिमेंटच्या इमारती फ्रेममधून टाळता आल्या, की कोणताही काळ उभा करता येतो.

मोसमही महत्त्वाचा. जून ते सप्टेंबर इथे मुसळधार पाऊस आणि धुकं असतं. पाऊस सरल्यावर हिरवाई टिकून असते, आकाश स्वच्छ असतं, तेव्हा शूटिंगची लगबग वाढते. मार्चनंतर डोंगर पिवळे पडतात.

गडावर शूटिंग मात्र वेगळं प्रकरण आहे. ‘फत्तेशिकस्त’चं काही चित्रीकरण राजगडावर झालं. राजगडाच्या माथ्यापर्यंत गाडी जात नाही. कॅमेरा, दिवे, बॅटऱ्या, पोशाख, ढाली-तलवारी, पिण्याचं पाणी आणि जेवण हे सगळं माणसांच्या खांद्यावरून चढवावं लागतं. गुंजवण्याच्या किंवा पालीच्या बाजूने चढायला दोन-तीन तास जातात. म्हणून बहुतेक निर्माते गडाची लांबून किंवा ड्रोनने दृश्यं घेतात आणि दरबार, तटबंदी, दरवाजे स्टुडिओत सेट लावून उभे करतात. कर्जतचा एन. डी. स्टुडिओ त्यासाठी वर्षानुवर्षं वापरला गेला.

परवानगी कुणाची लागते?

एकाच शूटिंगला वेगवेगळ्या कार्यालयांच्या परवानग्या लागू शकतात.

– संरक्षित स्मारक: राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे. त्यामुळे तिथे राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाची परवानगी लागते. रायगड, शिवनेरीसारख्या केंद्र संरक्षित किल्ल्यांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे जावं लागतं.
– वनजमीन: गडाचा उतार किंवा घाटातलं जंगल वन खात्याकडे असेल तर त्यांची वेगळी परवानगी.
– रस्ता, धरण, गावठाण: पोलीस, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद यांपैकी जागा ज्यांच्या ताब्यात असेल ते.
– खासगी वाडा किंवा शेत: मालकाशी करार.
– ड्रोन: ड्रोन नियम २०२१ नुसार हिरवा, पिवळा, लाल असे विभाग आहेत. हिरव्या विभागातही संरक्षित स्मारकावर उडवायचं तर स्मारकाच्या खात्याची परवानगी घ्यावीच लागते.
– घोडे, बैल: प्राण्यांचा वापर असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची शूटिंगपूर्व परवानगी लागते.

ही धावपळ कमी व्हावी म्हणून राज्याने एक खिडकी योजना आणली. ती महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळामार्फत चालते. १९७७ मध्ये स्थापन झालेलं हे महामंडळच गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी चालवतं.

गावाला काय मिळतं?

शूटिंगचं युनिट आलं की काही दिवस गावात पैसा फिरतो. वाड्याचं किंवा शेताचं भाडं, जेवणाचं कंत्राट, गाड्या, खोल्या, ओझं वाहणारे मजूर, राखणदार आणि गर्दीच्या दृश्यासाठी लागणारी माणसं. पण यातला बराच व्यवहार तोंडी आणि मध्यस्थांमार्फत होतो. समन्वयकाने युनिटकडून किती घेतले आणि गर्दीत उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातावर किती टेकवले, याचा हिशोब गावाला क्वचित कळतो.

यात सरकारी मदतीच्या रचनेचाही भाग आहे. महाराष्ट्रात मराठी सिनेमाला अनुदान मिळतं ते तयार सिनेमाचा दर्जा पाहून, ‘अ’ किंवा ‘ब’ श्रेणी देऊन. अबुधाबीसारखं आखाती शहर उलट करतं. तिथे २०१३ पासून निर्मात्याने स्थानिक पातळीवर केलेल्या पात्र खर्चाचा ठरावीक हिस्सा परत दिला जातो. परतावा हवा असेल तर निर्मात्याला हॉटेल, गाड्या, मजुरी अशा प्रत्येक गोष्टीचं बिल जपावंच लागतं. म्हणजे पैसा कुणाकडे गेला याची नोंद आपोआप होते. दर्जावर आधारलेल्या अनुदानात सिनेमा कसा झाला हे मोजलं जातं, तो जिथे झाला तिथे काय उरलं हे मोजलं जात नाही.

गावात शूटिंग येणार असेल तर काय लक्षात ठेवायचं?

पहिली गोष्ट, करार कागदावर घ्या. १९८१ च्या सिने-कामगार कायद्यात लेखी कराराची तरतूद होती. २०२० च्या कामगार संहितेत ‘दृक्‌श्राव्य कामगार’ म्हणून हीच कल्पना पुढे नेली आहे. वाड्याच्या करारात दिवसाचं भाडं, कामाचे तास, अनामत रक्कम आणि मोडतोड झाल्यास भरपाई या चार गोष्टी असायलाच हव्यात. भिंतीला दिलेला रंग आणि ठोकलेले खिळे कोण काढणार, हेही लिहून घ्यावं.

दुसरी गोष्ट मुलांची. गर्दीच्या दृश्यात शाळकरी मुलं सहज उभी केली जातात. पण बालकामगारविषयक नियमांनुसार मुलांना घेण्याआधी निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. मुलाकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. मिळणाऱ्या पैशांपैकी किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. पालकांची संमती आणि शाळा बुडणार नाही याची काळजी हेही बंधनकारक आहे.

तिसरी गोष्ट गडाची. राजगड आता जागतिक वारसा आहे. तटाला खिळा ठोकणं, दगड हलवणं, आग पेटवणं, कचरा टाकून जाणं हे स्मारकाचं नुकसान आहे. असं काही दिसलं तर पुरातत्त्व खात्याला किंवा पोलिसांना कळवता येतं.

आणि चौथी गोष्ट, श्रेयनामावली. सिनेमाच्या शेवटी आभार मानताना गावाचं नाव द्यावं, ही अट करारात घालायला एक रुपयाही लागत नाही. वाईने बिहारचं, मेणवलीने उत्तर प्रदेशचं रूप घेतलं तेव्हाही त्यांची नावं लोकांपर्यंत पोहोचली, कारण कुणीतरी ती सांगत राहिलं. आज माणसं मेणवलीचा घाट ‘स्वदेस’चा घाट म्हणून बघायला येतात आणि त्या येण्यावर तिथले चहावाले, खानावळवाले चालतात.

इंगवलीचं नाव दादा कोंडकेंच्या नऊ रौप्यमहोत्सवांच्या पोस्टरवर कधी नव्हतं. शिंद आणि कारी ही गावं कुठे आहेत, हे ‘पावनखिंड’ पाहून टाळ्या वाजवणाऱ्या अनेकांना आजही सांगता येणार नाही. पुढचा कॅमेरा भोर-वेल्ह्यात येईल तेव्हा भाड्याच्या आकड्याबरोबर नावाचीही बोलणी झाली, तर हे बदलू शकतं.